अँटलर: ‘जर’ हा कीवर्ड ‘जरी’ला खातोय, काय करू?

क्लॉथमार्केट_इंदूर:
मामांचं इथे क्लॉथ मार्केटात साड्यांचं दुकान आहे, त्यांना सवलतीचे नियम मराठीत लिहिता यावेत म्हणून छोटी भाषा करतोय, अँटलर ४ वर (नियमांवरून लेक्सर-पार्सर बनवून देणारं टूल). नियम असा: जर दर > ५००० तर सूट १०. दर, वजन, रकम सगळं मस्त चालतं पण मालाचं नाव ‘जरी’ आलं की लेक्सर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) ‘जर’ हा कीवर्ड, म्हणजे राखीव शब्द, म्हणून वेगळा काढतो आणि उरलेल्या ‘ी’वर एरर. नावाचा नियम कीवर्डच्या वर नेला तर ‘जर’सुद्धा नाव म्हणूनच यायला लागलं. आणि कमेंट मी रेगेक्सने (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या पॅटर्नने) आधीच उडवतो, चालेल ना?

भिया_पार्सर:
कीवर्ड वरच ठेव भिया. लेक्सर आधी सगळ्यात लांब जुळणी घेतो, लांबी सारखी पडली तरच वरचा नियम जिंकतो, फ्लेक्स या जुन्या लेक्सर-टूलमध्येही हेच. तुझी भानगड वेलांटीत आहे. नावात नुसतं लेटर घेतलं असशील, आणि युनिकोडच्या हिशेबात ‘ी’ लेटर नाही, मार्क आहे, म्हणून नावही ‘जर’पाशीच थांबतं, बरोबरी होते आणि कीवर्ड जिंकतो. ‘पैठणी’ टाकून बघ, कीवर्डचा संबंध नसताना ‘प’नंतरच फुटेल. पहिलं लेटर, पुढे लेटर, मार्क, अंक असं लिही. काही कीबोर्ड ‘ऱ्य’मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घुसवतात, तो मार्कमध्ये येत नाही, वेगळा जोड.

रात्रपाळी:
रेगेक्स नको रे बाबा. कोटातल्या मजकुरात कुणी वेबसाइटचा पत्ता लिहिला की त्यातल्या // पासून अर्धी ओळ उडाली, आणि अनेक ओळींची कमेंट गेली की एररचे लाइन नंबर सरकतात, मामा भलत्याच ओळीत शोधत बसणार. लेक्सरमध्येच नियम करून स्किप लाव, म्हणजे तोच कमेंट टाकून देईल. ब्लॉक कमेंटमध्ये डॉट-स्टारपुढे प्रश्नचिन्ह (.*?) हवंच, नाहीतर पहिल्या कमेंटपासून फाईलमधल्या शेवटच्या */ पर्यंत सगळं गिळतो आणि एररही देत नाही. पुढे फॉरमॅटर (कोड नीट मांडून देणारा) करणार असशील तर स्किपऐवजी हिडन चॅनल, म्हणजे कमेंट पार्सरला दिसत नाही पण जपून राहते.

क्लॉथमार्केट_इंदूर:
मार्क जोडला, जरी, जरीकाठ, पैठणी सगळे पास! आता नवीनच, मामांकडे सूटचं कापड पण आहे आणि ‘सूट’ माझा कीवर्ड 😅

भिया_पार्सर:
लेक्सरला हात लावू नको. पार्सरमध्ये (शब्दांची रचना तपासणारा भाग) ‘मालाचं नाव म्हणजे आयडी (लेक्सरने ओळखलेलं नाव) किंवा सूट’ असा नियम कर आणि जिथे आयडी लिहिलंय तिथे तोच वापर. पायथनमध्ये ३.१० ला मॅच आलं ते असंच सॉफ्ट कीवर्ड (ठरावीक जागीच कीवर्ड, एरवी साधं नाव) म्हणून, त्यामुळे मॅच नावाची जुनी व्हेरिएबल्स चालू राहिली. ३.७ मध्ये असिंक हा शब्द पक्का राखीव केला तेव्हा ते नाव वापरणाऱ्या लायब्रऱ्या फुटल्या होत्या. ‘जर’, ‘तर’ राखीव राहू दे, त्या नावाचं कापड काही निघत नाही.