महाराष्ट्रातून नेदरलँड्सला जाणाऱ्या द्राक्षांचं मूल्य कुठे बघायचं? सल्ला हवा

निफाडचा_बागायतदार
नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी कंपनीत यंदापासून आकडे ठेवायचं काम माझ्याकडे आलंय. बहुतेकांचा माल थॉमसन जातीची द्राक्षं, अर्ध्या किलोचे दहा पनेट (छोटे डबे) एका पेटीत, न्हावा शेवा बंदरातून नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला. मला एवढंच हवंय की महाराष्ट्रातून नेदरलँड्सला दरवर्षी किती रुपयांची द्राक्षं जातात आणि ते वाढतंय की घटतंय. आजवर पेपरची कात्रणं जमवली. एकात अख्ख्या देशाचा आकडा, दुसऱ्यात युरोपचा, तिसऱ्यात नुसते टन. परवा सभेत एका काकांनी विचारलं, "निर्यात वाढली म्हणता, मग आमचा भाव का पडला?" मला उत्तर देता आलं नाही. फार लागलं मनाला. कुठून सुरुवात करू?

उरणकर
दादा, मी कस्टम क्लिअरिंगमध्ये आहे. वाणिज्य मंत्रालयाचं २०२२ साली सुरू झालेलं 'निर्यात' पोर्टल आधी उघडा, तिथे राज्यनिहाय आकडे मिळतात. पण राज्य ठरतं कसं ते समजून घ्या. शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमला द्यायच्या कागदात, मालाचं मूळ राज्य आणि जिल्हा भरावा लागतो. १५ फेब्रुवारी २०२० पासून ते सक्तीचं आहे. त्यामुळे जिल्ह्याचे त्याआधीचे आकडे तुलनेला घेऊच नका. आणि सक्तीचं असलं तरी भरणारा माणूसच असतो. माल तासगावचा आणि जिल्ह्याच्या रकान्यात निर्यातदाराच्या ऑफिसचं मुंबई, असं बिल मी स्वतः हातात धरलंय. विजापूरकडचा माल सांगलीत पॅक झाला तर तो महाराष्ट्राच्या नावावर चढू शकतो. राज्याच्या आकड्यावर बऱ्यापैकी विसंबा, जिल्ह्याच्या आकड्यावर जपून.

आकडेवाली_ताई
उरणकरांशी सहमत. माझ्याकडून तीन गोष्टी, त्यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची.

आपला हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल आणि सरकारी वर्ष संपतं ३१ मार्चला. म्हणजे एकाच हंगामाची द्राक्षं दोन आर्थिक वर्षांत विभागली जातात! छाटणी उशिरा झाली की बराच माल एप्रिलमध्ये सरकतो आणि वर्षाचा आकडा उगाच पडलेला दिसतो. म्हणून महिन्यामहिन्याचे आकडे घ्या आणि हंगामाची बेरीज स्वतः करा.

मालाचा कस्टम कोड ०८०६१० घ्या, ही ताजी द्राक्षं. नुसतं ०८०६ टाकलंत तर बेदाणाही त्यात येतो.

आता काकांचा प्रश्न. हे मूल्य एफओबी असतं, म्हणजे माल बोटीत चढेपर्यंतची किंमत. त्यात पॅकिंग, प्रीकूलिंग (पाठवण्याआधी माल थंड करणं), बंदरापर्यंतचा कंटेनर, निर्यातदाराचा नफा, सगळं आलं. बांधावरचा भाव त्यात वेगळा दिसतच नाही. शिवाय डॉलर महागला की माल तेवढाच असूनही रुपयातला आकडा फुगतो. त्यामुळे रुपये, डॉलर आणि किलो असे तीन रकाने ठेवा आणि डॉलरला किलोने भागा. सभेत तो भागाकार दाखवा.

रॉटरडॅमहून
इथून थोडी भर. बंदरात उतरलेला सगळा माल डच लोक खात नाहीत. कंटेनर इथे रिकामा होतो, पेट्या ट्रकने जर्मनीला आणि आणखी पुढे जातात. तेव्हा 'नेदरलँड्सची मागणी वाढली' असं लिहू नका, 'नेदरलँड्समार्गे' म्हणा.

पडताळणीसाठी युरोस्टॅट, म्हणजे युरोपीय संघाचं आकडेवारी कार्यालय, बघा. तिथे फक्त 'भारत' मिळेल, राज्य नाही. वर्ष जानेवारी ते डिसेंबर असल्याने हंगाम तुटत नाही, ही मोठी सोय. पण तिथली किंमत सीआयएफ, भाडं-विमा धरून. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्र टाळून बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि भाडं चढलं. ते भाडं युरोपच्या आकड्यात मिसळतं, आपल्या एफओबीत नाही. दोन्हींत फरक दिसला तर घाबरू नका. कोडचे पहिले सहा अंकच जुळतात, पुढचे त्यांचे वेगळे आहेत.

निफाडचा_बागायतदार
ताई, दोन हंगामांचे महिने रात्री बसून जुळवले. एकूण रुपये वाढलेत, किलोमागे डॉलर घटलेत. काकांचं बरोबर होतं. आता २०१० पासूनची मालिका करायची आहे. त्या साली क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला होता, आमच्या वडिलांचाही त्यात होता. ते वर्ष धरू की वगळू?

आकडेवाली_ताई
धरा. फक्त त्या ओळीसमोर कारण लिहा, म्हणजे पुढे वही ज्याच्या हातात जाईल त्याला खड्डा कशाचा ते कळेल. आणि ती मालिका राज्याची नको, देशाची करा; राज्य-जिल्हा भरणं २०२० पासूनच सक्तीचं आहे ना.