नाशिकची सरकारी कार्यालयं एका इमारतीत आणायची तर नकाशाआधी काय ठरवाल?

गंगापूर_रोडकर

नाशकात सरकारी कामाला निघालेल्या माणसाला शहराची प्रदक्षिणा घडते. जिल्हाधिकारी कार्यालय सीबीएसला म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाशी, विभागीय आयुक्त नाशिकरोडला, सामाजिक न्याय भवन पुणे रस्त्यावर नासर्डी पुलाशी, आदिवासी विकास भवन गडकरी चौकाजवळ. काही कार्यालयं भाड्याच्या जागेत, जिना चढून वर. म्हातारा माणूस खालीच बसतो आणि कागद वर जातात.

ज्या कार्यालयांत लोकांची रोज ये-जा असते, ती जिल्हा पातळीवरची कार्यालयं एका इमारतीत यावीत असं माझं ठाम मत आहे. पण इमारत उभी राहिली की प्रश्न सुटला, असं मी मानत नाही. अशा इमारतींची दैना होते ती बांधकाम कच्चं असल्याने कमी आणि कुणी धनी नसल्याने जास्त. प्रत्येक खात्याचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, वेगळं. आपल्या दालनाला रंग द्यायला पैसे निघतात, पण जिना, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह कुणाच्याच खात्यात बसत नाही. गळती बांधकाम विभागाकडे, लिफ्ट त्यांच्याच विद्युत शाखेकडे, जनरेटरच्या डिझेलचं बिल कुणाकडे ते शेवटपर्यंत ठरत नाही. म्हणून पहिला निर्णय हवा तो इमारतीच्या व्यवस्थापनाचा: एक जबाबदार अधिकारी, देखभालीचं एकच खातं आणि प्रत्येक कार्यालयाचा क्षेत्रफळाप्रमाणे ठरलेला वाटा. हे लेखी झाल्याशिवाय वास्तुविशारदाला बोलावूच नये.

दुसरं म्हणजे मजले अधिकाऱ्यांच्या हुद्द्याप्रमाणे वाटू नयेत, गर्दीप्रमाणे वाटावेत. सेतू (दाखल्यांचं केंद्र), दुय्यम निबंधक (दस्त नोंदणी), भूमी अभिलेख तळमजल्यावर. आस्थापना आणि लेखापरीक्षण वर गेले तर कुणाचं अडत नाही. व्हीलचेअरसाठीचा उतार तर पहिल्या रेषेपासून नकाशात हवा. १:१२ चा उतार म्हणजे तीन फूट जोत्याला ३६ फूट लांबी. एवढी जागा मागाहून सापडत नाही, मग दाराशी घसरगुंडीसारखं काहीतरी करून ठेवतात आणि व्हीलचेअर उचलूनच न्यावी लागते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आता कारण सांगायला जागा नाही.

पेठ_सुरगाणा

तुमचा मुद्दा शहरातल्या माणसाचा आहे. सुरगाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर. तिथल्या माणसाला सीबीएस ते नासर्डी पूल हा त्रास नाहीच, त्याला नाशिकला यावं लागतं हाच त्रास आहे. मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं आणि साहेब दौऱ्यावर असले की पुन्हा तेच.

जिल्ह्यात १५ तालुके आहेत. मोठ्या इमारतीचा पैसा तहसील आणि प्रांत कार्यालयांना द्या, तिथे माणसं भरा आणि तालुक्याचं काम तालुक्यात संपवा. हे होऊ शकतं. आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय कळवणला आहे, त्याचा उपयोग आम्हाला कळतो. महापालिकेनेही सहा विभागीय कार्यालयं केलीच की! सातपूरच्या माणसाने घरपट्टीसाठी शरणपूर रोडला यावं असं कुणी म्हणत नाही. मग ग्रामीण भागाला उलटा न्याय कशाला?

आणि सगळं एका ठिकाणी ठेवण्याचा धोका राज्याने पाहिला आहे. २१ जून २०१२ ला मंत्रालयात चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर गेली, पाच माणसं दगावली आणि कितीतरी खात्यांच्या फायली एकदम जळाल्या.

निवृत्त_उपअभियंता

आगीबद्दल आधी बोलतो, कारण त्या उदाहरणावरून उलटा निष्कर्ष निघतो. जुन्या इमारतीत वायरिंगवर एसी चढवत जातात, व्हरांड्यात फायलींची कपाटं लागतात, दुसरा जिना कुलूपबंद असतो. आज विखुरलेल्या कार्यालयांत हेच आहे. नव्या इमारतीत अभिलेख कक्ष अग्निरोधक दारांनी वेगळा करता येतो, जिने दोन टोकांना ठेवता येतात आणि स्कॅन केलेली प्रत दुसऱ्या गावी ठेवता येते.

पण अभिलेख कक्षाचा विचार कुणी वेळेवर करत नाही, आणि माझी खरी तळमळ तिथे आहे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या कार्यालयीन खोलीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २५० किलो भारासाठी धरतात, फायलींच्या खोलीला सुमारे ५०० किलो. म्हणजे दुप्पट. भूमी अभिलेख आणि निबंधकांची दप्तरं काय वजनाची असतात ते ज्याने उचलली त्याला विचारा. संरचना ठरल्यावर "तिसऱ्या मजल्यावर रेकॉर्ड ठेवू" असं म्हणून चालत नाही. तरी ठेवलं जातं, आणि मग तुळयांना भेगा दिसल्या की ठेकेदाराला शिव्या.

जागेच्या मागणीचंही तेच. प्रत्येक खातं स्वतंत्र सभागृह मागतं, महिन्यातून दोनदा वापरतं. तीन-चार सभागृहं सामायिक ठेवून नोंदणीने द्यावीत. जिने, मार्गिका, स्वच्छतागृहं यांतच क्षेत्राचा साधारण तिसरा हिस्सा जातो, हे मागणीपत्रात कुणी धरत नाही. त्यामुळे अंदाजपत्रक मुळातच तोकडं बनतं. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा हा क्रम बरोबर आहे. पण मागणी कच्ची असताना मान्यता घेतली की काम अर्ध्यावर आल्यावर सुधारित मान्यतेची फाईल फिरू लागते. इमारती रखडताना मी पाहिल्या त्या बहुतेक याच पायरीवर.

दर्शनी बाजूला काच नको, एवढं हात जोडून सांगतो. पश्चिमेच्या उन्हात त्या खोल्या दुपारी बसण्यालायक राहत नाहीत. खोल व्हरांडा ठेवा, सावली मिळते आणि पावसात रांगेलाही उभं राहता येतं.

सिडको_उत्तमनगर

मुळात इमारतच कशाला? सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचे घरबसल्या मिळतात. दस्त नोंदवला की फेरफाराची (हक्कबदलाच्या नोंदीची) सूचना ऑनलाइन जाते. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, मुदत घालून दिलेली आहे. जागा, मान्यता, बांधकाम यात पाच-सात वर्षं जातील आणि तोवर निम्मी कामं फोनवर आलेली असतील. आहेत त्या इमारतींत लिफ्ट बसवा, स्वच्छतागृहं दुरुस्त करा. सिंहस्थाच्या कामांत शहर आधीच खणलेलं आहे.

पंचवटी_वकील

सरळ काम ऑनलाइन होतं, मान्य. माझ्याकडे येतात ती अडलेली माणसं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलं, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज. त्यासाठी जुना फेरफार हवा, तो अभिलेख कक्षात. क्षेत्र जुळत नाही म्हणून मोजणीचा कागद भूमी अभिलेखकडून. तीन टेबलं, तीन पत्ते. अशा अशिलाला मोबाईल दाखवून उपयोग नाही. त्याला माणूस समोर हवा, आणि तिन्ही माणसं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर हवीत.

माझा विरोध वेगळ्या गोष्टीला आहे. एकत्र इमारत म्हटलं की मोकळी मोठी जागा शोधतात आणि ती शहराबाहेर निघते. सीबीएसला एसटी उतरते, जिल्हा न्यायालय तिथेच, मुद्रांक विक्रेते, टंकलेखक, झेरॉक्स सगळं पायाखाली. हे उठवून हायवेला नेलं तर गावाकडच्या बाईचे रिक्षालाच दोनशे-तीनशे जातील. मग विखुरलेली कार्यालयं परवडली.

गंगापूर_रोडकर

@सिडको_उत्तमनगर, लिफ्ट बसवा म्हणता, पण भाड्याच्या जागेत बसवणार कोण? मालक नाही म्हणतो आणि खातं म्हणतं जागा आमची नाही. सातपूरला आयटीआयजवळच्या उद्योग भवनात एमआयडीसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ एकाच छताखाली आहेत. उद्योजकाची ही सोय आपण फार आधी केली. शेतकऱ्याची आणि दाखल्यासाठी येणाऱ्या पोरापोरींची का करू नये?

@पंचवटी_वकील, जागेबद्दल पूर्ण सहमत. एसटी स्थानकापासून चालत जाता येईल अशी जागा नसेल तर मीही विरोधात उभा राहीन. उंची वाढवावी लागली तरी चालेल. गर्दी खालच्या दोन मजल्यांवर थांबली की वरचे मजले कितीही असोत.

नाशिकरोड_ताई

स्वच्छतागृहाचा उल्लेख दोघातिघांनी केला, छान. त्यात भर घालते: हिरकणी कक्ष (बाळाला पाजण्याची खोली) कुलपात नको, पाणी वरच्या मजल्यापर्यंत चढेल असं हवं आणि रांगेतल्या बायकांना बसायला बाकं हवीत. हे निविदेच्या यादीत लिहिलं तरच होतं.

पेठ_सुरगाणा

सगळे प्रतिसाद वाचले. अभियंता साहेबांचा अभिलेखाचा मुद्दा पटला, वकिलांचा जागेचाही. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीला आमच्या मुलांना नाशिकला यावंच लागतं, ती समिती तालुक्याला येणार नाही हे मला कळतं. तेवढ्यासाठी चांगली इमारत असावी.

पण माझी अट कायम आहे. मागणीपत्र गोळा करताना प्रत्येक खात्याने आधी लेखी द्यावं की कोणती कामं आम्ही तालुक्याला सोपवतो. ती वजा करून उरेल त्यालाच नाशकात जागा द्या. नाहीतर इमारत मोठी म्हणून कामं वर ओढली जातील, आणि आमच्या तहसीलची रिकामी खुर्ची तशीच राहील. गंगापूर_रोडकर, तुमच्या व्यवस्थापनाच्या कराराच्याही आधी ही यादी ठेवायला तयार आहात का?