एसी तंबू आणि भंडारदऱ्याचा अंधार

पर्यटकांच्या मुक्कामाच्या तंबूत एसी, बाथटब आणि बाहेर झगमगाट असला की पाहुणा खूश, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. मे अखेरीस आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. तंबू महागडा, गादी मऊ, पण आवारात रात्री उशिरापर्यंत फ्लडलाइट आणि डीजे. काजवे दिसणार कसे? त्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीने एकमेकांना घातलेली साद. भगभगीत उजेडात ती हरवते, जोड्या जमत नाहीत, मग पुढच्या वर्षी काजवेच कमी.

दुसऱ्या रात्री गावातला एक मुलगा आम्हाला रानाकडे घेऊन गेला. मोबाइल खिशात, विजेरीवर लाल कागद. वीसेक मिनिटांत डोळे अंधाराला सरावले आणि समोरचं हिरड्याचं अख्खं झाड एका लयीत उजळायला-विझायला लागलं. माझी आठ वर्षांची लेक हात घट्ट धरून नुसती बघत राहिली. परतल्यावर त्याच्या आईने चुलीवरची नागलीची भाकरी आणि ठेचा वाढला. लेकीला आजही हेच आठवतं, तंबू नाही.

गरम पाणी, स्वच्छ संडास हवेतच. सोबत म्हातारे आईवडील असतील तर त्यात तडजोड नकोच. पण काजव्यांच्या दिवसांत दिवे गुडघ्याएवढ्या उंचीवर, मंद, जमिनीकडे वळवलेले ठेवा आणि जेवणं झाली की विझवा. का, ते पाहुण्यांना आल्याआल्याच सांगा, लोक ऐकतात. आणि वाटाड्या गावातलाच घ्या, त्याला पैसेही नीट द्या. यंदा कुठलं झाड काजव्यांनी भरलंय, हे त्यालाच माहीत असतं.