पोकलेनच्या स्वयंचलित खोदाईचा पेटंट अर्ज : परीक्षकाने यंत्र तपासावे की आज्ञावली?

उद्यमनगरकर

हायड्रॉलिक सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांच्या दुरुस्तीचे काम मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बावीस वर्षे करतो आहे. अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या पोकलेनमध्ये लोखंडाच्या जोडीने वायरिंग आणि सेन्सरही तपासावे लागतात, म्हणून हा विषय मांडतो. मुरूम आणि पाषाण यांतला फरक ओळखून खोदाईची खोली बदलणारी, बकेट आपोआप भरणारी आणि डंपरमध्ये माल ओतणारी नियंत्रण प्रणाली कोणी पेटंटसाठी आणली, तर पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने तिच्याकडे यंत्र म्हणून पाहावे की संगणक आज्ञावली म्हणून?

माझे मत असे की यंत्र म्हणूनच पाहावे. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, अल्गोरिदम (गणनेच्या ठरावीक पायऱ्या) आणि निव्वळ संगणक आज्ञावली यांना पेटंट मिळत नाही. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या या तरतुदीतला ‘निव्वळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दगडाच्या खाणीवरचा मुरलेला ऑपरेटर काय करतो ते पाहा. बकेटचे दात पाषाणाला भिडले की इंजिनाचा आवाज दबतो, आर्मची (बकेट धरणाऱ्या पुढच्या हाताची) गती पडते, आणि तो माणूस डाव्या हाताने आर्म जरा सैल सोडतो, उजव्या हाताने बूम (यंत्राला जोडलेला मुख्य हात) वीतभर उचलतो व बकेट आत वळवतो. त्याने हे केले नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडतो, तेल कामाविना टाकीत परतते आणि तापते, डिझेल फुकट जळते. प्रणाली हेच काम करते तेव्हा सिलिंडरमधला दाब सेन्सर वाचतो, कंट्रोलर प्रपोर्शनल व्हॉल्व्हला (करंटच्या प्रमाणात उघडणाऱ्या झडपेला) जाणारा करंट बदलतो, तिच्यातला स्पूल (तेलाची वाट बदलणारा दांडा) सरकतो आणि काही टनांचा बूम हलतो. त्याला निव्वळ गणित म्हणून बाजूला काढणे मला पटत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१९ रोजी फरीद अलानी प्रकरणात हीच दिशा दाखवली आहे. मोटारी, धुलाईयंत्रे, शीतकपाटे या सगळ्यांत आज आज्ञावली असते, त्यामुळे आज्ञावलीवर आधारलेले सगळेच शोध अपात्र मानणे म्हणजे मागे जाणे होईल, असे न्यायालयाने म्हटले. शोधातून तांत्रिक परिणाम साधतो का, हा तिथला कळीचा प्रश्न होता.

शिरोलीचा फौंड्रीवाला

आपण ऑपरेटरच्या हातांचे केलेले वर्णन तंतोतंत आहे, आणि माझा आक्षेप नेमका तिथूनच सुरू होतो. जे कसब आपल्या भागातले ऑपरेटर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडून शिकत आले, तेच ‘दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास बूम उचलण्याची आज्ञा देणारा नियंत्रक’ अशा शब्दांत कागदावर उतरवले आणि त्यावर वीस वर्षांचा हक्क मिळाला, तर शोध कोणाचा झाला? असा ढगळ दावा एकदा मंजूर झाला की जुन्या यंत्राला सेन्सर आणि व्हॉल्व्ह बसवून देणारा प्रत्येक छोटा कारखानदार त्याच्या कुंपणात अडकतो.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. कागल भागातल्या माझ्या एका स्नेह्याने जुन्या लोडरसाठी बकेट आपोआप समतल ठेवणारा जोडसंच तयार केला होता. एका मोठ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आणि त्याने तो संच विकणे थांबवले. नोटिशीतला दावा टिकला असता की नाही हे कधी तपासलेच गेले नाही, कारण तपासून घेण्याचा खर्च त्याच्या वर्षाच्या नफ्यापेक्षा जास्त होता. पेटंट कार्यालयाच्या फेब्रुवारी २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आज्ञावलीसोबत नवीन हार्डवेअर असण्याची अट होती. २०१७ मध्ये ती काढली गेली, याची मला मनापासून खंत वाटते. ती अट छोट्यांना समजणारी होती. डोळ्यांसमोर नवीन भाग दाखवा, मग हक्क मागा.

अभियांत्रिकीचा शिक्षक

फौंड्रीवाल्यांची चिंता खरी आहे, परंतु त्यांनी हाती घेतलेले हत्यार चुकीचे आहे. नवीन हार्डवेअरची अट ठेवली, तर बाजारात मिळणारा सेन्सर आणि व्हॉल्व्ह वापरून खरोखर नवे काही करणारा कोल्हापूरचाच मुलगा आधी बाद होईल, कारण स्वतःचा सेन्सर घडवण्याइतके भांडवल मोठ्या कंपनीकडेच असते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८१ मध्ये डायमंड विरुद्ध डीअर हे प्रकरण आले होते. साच्यातले रबर नेमके कधी पक्के होईल हे आरेनियसच्या (तापमानावरून प्रक्रियेचा वेग सांगणाऱ्या) सूत्राने सतत मोजत राहणारी आणि वेळ येताच साचा उघडणारी ती प्रक्रिया होती. सूत्र जुने होते आणि संगणकही जुना होता, तरी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी संपूर्ण प्रक्रिया एकत्र पाहिली आणि ती पेटंटसाठी अपात्र नाही असे ठरवले. ओतकामाच्या साच्यावर आयुष्य घालवलेल्या आपल्या शहराला हे उदाहरण लगेच उमजावे.

ढगळ दावा अडवायचा तो कलम २(१)(जेए) मधल्या शोधपायरीच्या कसोटीवर, म्हणजे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ही गोष्ट सहज सुचली असती का, या प्रश्नावर. त्यासाठी जुने पुरावे मुबलक आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन लेझर स्कॅनर बसवलेला, ट्रक स्वतःहून भरणारा पोकलेन १९९० च्या दशकातच चालवून दाखवला आणि त्यावरचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. आज कोणी ‘स्कॅनरने ट्रक ओळखून माल ओतणे’ एवढाच दावा करत असेल, तर परीक्षकाने तो निबंध समोर ठेवावा, कलम ३(के) उघडण्याची गरजच नाही.

शिरोलीचा फौंड्रीवाला

सर, १९९९ चा निबंध आपल्याला ठाऊक आहे, कारण वाचन हेच आपले काम आहे. आमच्याकडे संध्याकाळी भट्टी थंड झाल्यावर असे निबंध कोण शोधणार? परीक्षकाला तो सापडलाच नाही तर पुढे काय?

उद्यमनगरकर

त्यासाठी कलम २५(१) आहे. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि तेव्हापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही व्यक्ती लेखी विरोध दाखल करू शकते. त्यासाठी आपले हितसंबंध सिद्ध करावे लागत नाहीत. २०२४ च्या नियमांनी त्यावर शुल्क बसवले आणि विरोध प्रथमदर्शनी ग्राह्य आहे का हे पाहण्याचा अधिकार पेटंट कार्यालयाच्या नियंत्रकाला दिला, त्यामुळे ही वाट पूर्वीइतकी मोकळी राहिली नाही, हे मी मान्य करतो. तरीही खोदाई यंत्रांचा आंतरराष्ट्रीय वर्ग ई०२एफ हा आहे, त्यातले प्रसिद्ध झालेले अर्ज विनाशुल्क पाहता येतात, आणि एकट्या कारखानदाराला न जमणारे हे काम औद्योगिक संघटनेला सहज जमेल.

ऑपरेटरच्या कसबाबद्दल मात्र आपले म्हणणे मला हलवून गेले, म्हणून माझ्या मतात एक भर घालतो. कलम १०(४) प्रमाणे अर्जदाराला आपला शोध संपूर्णपणे आणि त्याला ठाऊक असलेल्या सर्वोत्तम पद्धतीसह उघड करावा लागतो. मग परीक्षकाने विचारावे की दाब किती झाल्यावर, किती मिलिसेकंदांत, कोणता स्पूल किती सरकतो आणि ओल्या लाल मातीत व कोरड्या मुरुमात ते आकडे कसे बदलतात. ‘दाब वाढल्यास बूम उचलणे’ हे ऑपरेटरचे ज्ञान झाले. त्यापुढचे जे खरोखर त्या अर्जदाराने शोधले असेल, तेवढ्यावरच त्याला हक्क मिळावा.

शिरोलीचा फौंड्रीवाला

आकडे मागण्याची ही अट मला मान्य आहे. परंतु आता येणाऱ्या प्रणाली हजारो फेऱ्यांच्या नोंदींवरून स्वतः शिकतात, आणि कोणत्या दाबाला काय करायचे हा आकडा त्यांच्या निर्मात्यालाही सरळ सांगता येत नाही. अशा अर्जात अर्जदाराने शिकवणीच्या नोंदी कशा गोळा केल्या आणि कोणत्या जमिनीवर त्या तपासल्या, एवढे तरी अर्जासोबतच्या तपशीलपत्रात लिहायला लावले पाहिजे. तेही तो लिहिणार नसेल, तर कलम ३(के) खाली तो अर्ज नाकारण्याचा माझा आग्रह मी सोडणार नाही.