रोज कृतज्ञता, चिंतन वगैरे खरंच जमतं का कुणाला? (प्राथमिक शिक्षकांसाठी)

डस्टरवाली:
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे, दुसरी आणि चौथी माझ्याकडे. परवा ट्रेनिंगला सांगितलं की रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी लिहा, दिवसाचं चिंतन करा, मुलांशी मायेने वागा. ऐकताना पटलं सगळं. पण इथे परिपाठ संपेपर्यंत ग्रुपवर "तात्काळ माहिती भरा" येऊन पडलेलं असतं, एक वर्ग लिहायला बसवावा तर दुसरा बोंबलतो, चार वाजेपर्यंत घसा बसतो आणि घरी गेल्यावर कसली डायरी न कसलं काय. कुणी वेगळा वेळ न काढता असं काही करतं का? पुस्तकी उत्तरं नकोत प्लीज 🙏

पाटीपेन्सिल:
मॅडम, नवीन डायरी काढूच नका, आपल्याकडे ऑलरेडी आहे की. वर्णनात्मक नोंदी, प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायच्या त्या! २०१० ला सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून लिहितोय आपण. लिहितोय म्हणजे काय, सत्र संपत आलं की तयार नोंदींची पीडीएफ उघडायची आणि "गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो" अख्ख्या वर्गाला चिकटवायचं 😄 मी आता पोषण आहाराची नोंद करायला बसते ना, तेव्हाच एकदोन मुलांबद्दल एकेक ओळ लिहून टाकते, पण डोळ्यांनी बघितलेलंच. म्हणजे "वजाबाकीत दशक सुटा करायचा राहिला, स्वतःच खोडून परत केलं", "नव्या मुलीला न मागता पट्टी दिली" असं. हजेरीच्या क्रमाने जायचं, आवडत्या पोरांपासून नाही. मग होतं काय की एखाद्या नावापाशी पेन अडतंच, काही म्हणता काही आठवत नाही, कारण ते पोर त्रास देत नाही, हुशारही नाही, मधे कुठेतरी गप बसलेलं असतं. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले की आधी त्याच्याजवळ. माझं चिंतन म्हणाल तर एवढंच.

चिंचोके:
पाटीपेन्सिल मॅडमचं मान्य, पण मला ही "कृतज्ञ राहा" भाषा जरा खटकते. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २७व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी कामं देऊ नका असं लिहिलंय, ते कुणी ट्रेनिंगला वाचून दाखवत नाही आणि आपण मात्र आभार मानत बसायचं. तक्रार करायचीच. फक्त वरचा राग खाली पोरांवर निघतो हे खरंय, आणि १७व्या कलमात मार जसा बंद आहे तसा मानसिक त्रासही, "तुझ्या डोक्यात काय दगड भरलेत का" हे त्यातच आलं. मी एकच केलंय, मोबाईल कपाटात. ग्रुपवरची माहिती मधल्या सुट्टीत, तोवर कितीही तात्काळ असो. पोरांवर खेकसणं आपोआप कमी झालं, वेगळी माया आणावी लागली नाही.

आणि हो, परिपाठात मुलांकडून आभार वदवून घेऊ नका कुणी. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना आपण स्वतः "आज आमटी भारी झालीय" म्हणालो की पोरं ऐकतात आणि म्हणायला लागतात.

फडाकडची_शाळा:
डस्टरवाली मॅडम, मी कोल्हापूर भागातला, साखर कारखान्याच्या पट्ट्यातला. दिवाळीनंतर तुमच्याकडची पोरं आमच्याकडे येतात ऊसतोडीला आईबापांबरोबर. काहींकडे शिक्षण हमी कार्ड असतं, म्हणजे गाव सोडताना शाळेनं दिलेलं, पुढच्या शाळेत दाखवायचं, बरीच तशीच येतात. कार्डावरून इयत्ता कळते, वाचता येतं की नाही कळतं, पोरगं कसं आहे ते नाही कळत. मागे एका कार्डाला चिठ्ठी पिन केलेली होती: "पहिले काही दिवस बोलणार नाही. चित्र काढायला द्या, मग बोलतो." दिला कागद. बैलगाडी काढली पोरानं, आणि त्यातला कुठला बैल मारका आहे ते सांगायला लागला, थांबेचना. नाहीतर मी त्याला मंद समजून मागे बसवला असता हो. त्या शिक्षकांचं नाव वाचता येत नव्हतं, सही मारलेली नुसती, नाहीतर फोन करून आभार मानले असते. तेव्हा पाटीपेन्सिल मॅडम लिहितात तशी ओळ तुमच्या वहीत असेलच, तीच कार्डाला लावून द्या.

डस्टरवाली:
सर हे भारीच सांगितलंत. आमच्या दोन्ही वर्गांतली निम्मी निघतील आता. चिठ्ठ्या लिहिते, आणि सही खाली नाव नंबर पण टाकते 😊 पण कार्ड द्यायचं कुणाकडे? मागच्या वेळी पोरांच्या दप्तरात दिली तर बरीच वाटेतच गहाळ.

फडाकडची_शाळा:
आईकडे द्या. रेशनकार्ड, आधार ज्या प्लास्टिकच्या पिशवीत असतं त्यातच ठेवायला सांगा, ती पिशवी कोपीत (तोडीवरच्या झोपडीत) कधी हरवत नाही. आणि चिठ्ठी बॉलपेननं लिहा, शाईपेन ओलाव्यानं फुटतं.