एडीएचडी आणि राज्यसेवेची तयारी: वेळापत्रक चौथ्या दिवशी का कोसळतं?

खुर्ची_क्रमांक_१७:
एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि काम सुरू करणं अवघड जातं ती अवस्था) निदान झालं आहे. त्यावरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाची साधी गोळी (१० मिग्रॅ) सकाळी ८ वाजता सुरू आहे. अभ्यासिकेत १२ तास बसणं होतं, पण पुस्तक उघडायलाच तास-दीड तास जातो. एखादा विषय आवडला की दिवसभर तोच, बाकीचे तसेच. दुपारी १२ नंतर डोकं चालत नाही. नवं वेळापत्रक तीन दिवस टिकतं. नेमकं काय बदलावं?

शाईचा_डाग:
आधी १२ तासांचं वेळापत्रक फाडा. परीक्षा सहा महिन्यांवर असली की एडीएचडी असलेल्या माणसाला तिची निकड जाणवतच नाही. इच्छाशक्ती कमी पडते असं अजिबात नाही. मुदत जवळ आणावी लागते, आणि ती डोक्यात न ठेवता समोर टेबलावर दिसावी लागते.

सुरुवातीची तयारी आदल्या रात्री करायची. उठण्यापूर्वी पुस्तक हव्या त्या पानावर उघडं ठेवा, त्यावर चिठ्ठी. चिठ्ठीवर ‘भूगोल’ लिहून उपयोग नाही. ‘मान्सूनचं पान, दुसरा परिच्छेद, तीन मुद्दे काढ’ असं लिहा. उत्तर लिहिताना वाक्य मुद्दाम अर्धवट सोडलं तर आणखी चांगलं, सकाळी हात आपोआप ते पूर्ण करायला जातो. पहिली बैठक फक्त १० मिनिटांची.

टायमर मोबाइलवर नको. वेळ बघायला उचललेला फोन २० मिनिटांनी खाली ठेवला जातो. स्वयंपाकघरातला फिरकीचा टायमर चालेल, पण टिकटिक होणारा असेल तर अभ्यासिकेत शेजारचे वैतागतील. काट्यांचं घड्याळ समोर ठेवा. २५ मिनिटांचा नियम सगळ्यांना मानवत नाही. तंद्री लागायला १५ मिनिटं लागली आणि २५ला घंटा वाजली तर हाती काय उरलं? ४५-५० मिनिटं धरा. मात्र दोन बैठकांनंतर विषय बदलायचाच, मन कितीही रमलेलं असो. उठण्यापूर्वी पुढचा मुद्दा कागदावर लिहून ठेवला की सोडवत नाही ती ओढ कमी होते.

मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, ही तुमच्यासाठी जमेची बाजू. नुसतं वाचताना मन भटकतं आणि तीन पानांनंतर कळतं की काहीच शिरलं नाही. म्हणून एक पान वाचून लगेच पुस्तक मिटून पाच ओळी लिहा. मध्येच आठवलेलं वीजबिल, फोन, शंका यांसाठी शेजारी कोरा कागद. तिथे टिपायचं, उठायचं नाही.

आणि जोडीदार शोधा. गप्पिष्ट मित्र नको. बसताना ‘मी हे दोन प्रश्न लिहिणार’ एवढं सांगायचं, ५० मिनिटांनी कागद दाखवायचा. तपासायची गरज नसते, कुणीतरी बघणार आहे एवढं पुरतं.

गोळी_आणि_घड्याळ:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. दुपारबद्दल लिहितो.

साध्या मिथाइलफेनिडेटचा अंमल साधारण ३ ते ४ तास. ८ची गोळी १२ला उतरणार, तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं. उतरताना काहींना चिडचिड आणि थकवा जास्त जाणवतो. गोळीच्या वेळा आणि दर तासाला लक्ष किती लागलं (० ते ५) असं आठवडाभर लिहा आणि तो कागद मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. दुपारचा दुसरा डोस की हळूहळू विरघळणारी गोळी, हे ते ठरवतील. स्वतःहून वाढवू नका. नाडी आणि रक्तदाब बघावे लागतात.

भूक मरते, म्हणून पोटभर नाश्ता गोळीच्या आधी. पोहे-उपम्यासोबत अंडं किंवा मूठभर शेंगदाणे. दुपारी भूक नाही म्हणून जेवण टाळलं तर चार वाजता जो गळाठा येतो त्याचा दोष औषधाला दिला जातो. चहा दुपारी २ नंतर बंद, नाहीतर झोप पुढे सरकते आणि दुसऱ्या दिवशी कोणतीही गोळी ती भरून काढत नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात असतंच असं नाही. पाच दिवसांच्या गोळ्या उरल्या की शोधायला लागा.

खुर्ची_क्रमांक_१७:
दोघांचे आभार. एक दिवस बुडाला की अनुशेष साठतो आणि मग सगळंच सुटतं. त्याचं काय?

शाईचा_डाग:
अनुशेष पुढच्या दिवसात ढकलायचाच नाही. आठवड्याचे सहाच दिवस आखा, त्यातही हाताशी असलेल्या तासांपैकी ६० टक्केच भरा. रविवार सकाळ राहिलेल्यासाठी. तिथेही मावलं नाही तर त्यातला कमी गुणांचा भाग सरळ सोडा.

दोन-तीन आठवड्यांनी हीसुद्धा पद्धत शिळी होईल. नवेपणा ओसरला की पकड सुटते, हे गृहीतच धरा. तेव्हा नवं वेळापत्रक करत बसू नका, त्यातच दोन दिवस जातात. जागा बदला, विषयांचा क्रम उलटा करा, जोडीदाराची वेळ सकाळवरून संध्याकाळी न्या. चिठ्ठी आणि १० मिनिटांची पहिली बैठक मात्र तशीच ठेवा.