आधी कान बघा, मग वाटी ठेवा

जिन्याखाली येऊन बसणारी मांजर घरात घ्यावी का, असं विचारलंय तुम्ही. आधी ती खरंच बेवारशी आहे का ते बघा. आमच्या सोसायटीत सगळे ज्याला ‘बिचारा’ म्हणायचे, तो बोका 3 घरी जेवत होता आणि त्याला नावंही 3 होती! शेवटी कागदाच्या पट्टीवर ‘हा तुमचा का?’ असं लिहून ती त्याच्या गळ्यात सैलसर चिकटवली. (सहज फाटणारा कागदच हवा, दोरा नको, कुठे अडकला तर फास बसतो.) दुसऱ्या दिवशी त्याच पट्टीवर उत्तर आलं: ‘आमचाच. खायला घालू नका, जाड झालाय.’

एका कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं, तर बहुधा नसबंदी करून परत सोडलेली असते. तिला तिथेच राहू द्या. कान शाबूत आणि पोट फुगलेलं असेल तर भाटी गाभण असू शकते. मांजरीचे दिवस जेमतेम 9 आठवड्यांचे, तेव्हा डॉक्टरांना लवकर दाखवा.

दूध मात्र नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. पाणी आणि थोडा बिनमिठाचा उकडलेला मासा पुरे. चावली किंवा ओरखडलं तर जखम साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.